चटईवरचं बोलणं

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि एवढी वर्षं उमाजीच्या वाट्याचं बोलणंही शांतीच बोलत आली होती. रेशनच्या दुकानात ती बोलायची, फॉरेस्ट गार्डशी ती बोलायची, लेकीच्या, पूर्णिमाच्या शाळेत मास्तरांनी बोलावलं तर पुढच्या बाकावर जाऊन तीच बसायची. उमाजी मागे उभा राहून मान हलवायचा. कुणी मुद्दाम त्यालाच काही विचारलं, तर तो आधी शांतीकडे बघायचा. कानडी मुलखातल्या नंदिगड्डा गावाच्या वरच्या अंगाला, जंगलाला लागून त्यांची चार घरांची वाडी. त्या चारी घरांत शांतीचा आवाज सकाळपासून ऐकू यायचा. तो नसला तरच कुणीतरी डोकावून विचारायचं, शांती गावाला गेलीय का म्हणून.

परसात ती कंद लावायची. जानेवारीत जोयड्याला कंदांचा मेळा भरतो, तिथे दरवर्षी तिची पाटी असायची. त्या वर्षीही दोघं सकाळी मोटारसायकलवरून निघाली. शांती मागे एका अंगाला पाय सोडून बसली होती, मांडीवर कणगीच्या कंदांचं पोतं. हेल्मेट एकच होतं, ते उमाजीच्या डोक्यावर.

उतारावरच्या वळणाला रस्त्यात गवा उभा होता. उमाजीने ब्रेक दाबला, चाक बारीक खडीवरून घसरलं आणि गाडी आडवी झाली. गव्याने एकदा मान वळवून पाहिलं आणि तो झाडीत शिरला. उमाजीचं कोपर सोलवटलं. शांती रस्त्याखालच्या मोरीच्या दगडी कठड्यावर आपटली होती.

तो धावला, तोवर ती उठून बसलीच होती. "डोळं कुटं होतं तुमचं? येवढा डोंगराएवडा गवा दिसंना व्हय?"

डाव्या कानाच्या वर टेंगूळ आलं होतं. रक्त नव्हतं. उमाजी म्हणाला, "घरी जाऊया परत."

"येवढं खणून काढलंय ते परत न्यायला?" ती म्हणाली. रस्त्यावर सांडलेले कंद दोघांनी गोळा केले आणि ती पुन्हा गाडीवर बसली.

मेळ्यात तासभर ती नेहमीसारखीच होती. मग डोकं दुखतंय म्हणाली. थोड्या वेळाने मांडवामागे जाऊन ओकली. परत येऊन बसली तेव्हा एका बाईला वजन करून देताना तिच्या उजव्या हातातलं माप खाली पडलं, आणि ती त्या हाताकडे नुसती बघत राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. उमाजीने हाक मारली. तिने त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, पण शब्द आला नाही.

जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. गणेशगुडीला पूर्णिमा रस्त्यात वाट बघत उभी होती. ती तिथल्या एका राफ्टिंगवाल्या रिसॉर्टमध्ये ऑफिसात कामाला होती. कामाच्या कपड्यांतच ती ॲम्ब्युलन्समध्ये चढली. आईचा हात हातात घेऊन "आई, आई गं" करत राहिली. दांडेली मागे पडली, हळियाळ मागे पडलं. शांतीने डोळे उघडले नाहीत.

हुबळीच्या मोठ्या हॉस्पिटलात मेंदूचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, डॉक्टर नेत्रा. वयाने फार नव्हत्या, बारीक अंगाच्या, बोलायच्या घाईघाईने. उमाजीला त्यांनी स्कॅनचं चित्र दाखवलं. डाव्या बाजूला पांढरी चंद्रकोर दिसत होती.

"हे रक्त," त्या कानडीत म्हणाल्या. "मेंदूवर साचलंय. ते काढायचं. पण मेंदूला मारही लागलाय, त्यामुळे तो सुजतोय. कवटीच्या आत सुजायला जागा नसते. म्हणून डाव्या बाजूचं हाड काढून ठेवायचं, तळहाताहून थोडं मोठं. भात शिजून वर यायला लागला की आपण झाकण काढतो ना, तसं."

उमाजीने सवयीने शेजारी पाहिलं. शेजारी पूर्णिमा होती आणि ती रडत होती.

"हाड परत बसवतात का?" त्याने विचारलं.

"बसवायचं. सूज ओसरली की, तीनेक महिन्यांनी. तोवर ते तिच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवू. तिथे ते चांगलं राहतं."

उमाजीने सही केली. सहीच्या खाली तारीख घालायची असते हे त्याला पूर्णिमाने दाखवलं.

ऑपरेशन झालं. पाच दिवस शांती मशीनवर होती. सहाव्या दिवशी नळी काढली आणि नवव्या दिवशी तिने डोळे उघडून पूर्णिमाकडे पाहिलं. डोक्याला पांढरी पट्टी, डावी बाजू फुगलेली. पट्टीवर कुणीतरी कानडीत लिहिलं होतं: इथे हाड नाही. उमाजी ते रोज वाचायचा. पोटावर उजव्या अंगाला दुसरी छोटी पट्टी होती. पूर्णिमा तिथे अगदी हलकेच हात ठेवायची आणि म्हणायची, "आई, ह्ये नीट सांभाळ हां. तुजंच हाय."

एकदा झटका आला. सगळं अंग ताठ होऊन थरथरलं आणि उमाजी वॉर्डभर नर्सला शोधत धावला. त्यावर गोळ्या चालू झाल्या. मग तिला हळूहळू शब्द फुटायला लागले. पहिला शब्द "पाणी". दुसऱ्या दिवशी "पूनी" म्हणाली. उमाजीला ती काय म्हणते याची तो चार दिवस वाट बघत होता. पाचव्या दिवशी त्याच्याकडे बघून ती म्हणाली, "दाडी." दाढी वाढली होती खरी. तो खाली गेला, हॉस्पिटलसमोर दाढी करून आला आणि तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. ती अर्ध्या तोंडाने हसली.

फेब्रुवारीत घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या माणसाने बजावून सांगितलं, "यांना पडून राहू द्यायचं नाही. दिवसभर बसवा. जेवढं बसतील, चालतील, तेवढ्या लवकर बऱ्या होतील. रात्रीही डोकं उंच उशांवर ठेवा. डाव्या बाजूवर झोपवू नका, तिथे काही लागू देऊ नका. एप्रिलमध्ये हाड बसवायला या."

उमाजीने हे सगळं मनात कोरून ठेवलं. त्या वर्षी तो रोपांच्या नर्सरीत मजुरीला गेला नाही. रोज सकाळी शांतीला न्हाऊ घालायचा, डोक्याला मऊ टोपी घालायचा आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचा. पाठीला उशी, उजव्या हाताखाली दुसरी उशी. पहिले पंधरा दिवस ती रोज थोडी पुढे जात होती. काठी धरून विहिरीपर्यंत चालली. कोंबड्यांना नावानिशी हाका मारल्या, दोघींची नावं चुकवली. वाडीतल्या बायका येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, आली हो आमची शांती परत.

सूज उतरली तशी डोक्याची डावी बाजू सपाट झाली. मग ती आत जायला लागली. मार्च लागेपर्यंत तिथे सरळसरळ खड्डा दिसू लागला, ओंजळीसारखा. उमाजीला वाटलं, सूज उतरली म्हणजे असंच होणार.

पण शांती मागे जायला लागली होती. खुर्चीवर बसली की बोलणं बंद. हातातला घास खाली पडायचा, तोंडाच्या कडेने पेज ओघळायची. शिमग्यात नाचगाणं करत घरोघर फिरणारे खेळे अंगणात आले. त्यांची अर्धी गाणी शांतीनेच त्या पोरांना शिकवली होती. ढोल वाजत होता, ते गोल फिरत होते, आणि ती खुर्चीवर मान एका बाजूला टाकून बसली होती. खेळ्यांनी गाणं आवरतं घेतलं, नारळ घेतला आणि ते पुढच्या घराकडे गेले.

शांतीची थोरली बहीण बाळी बाजारकुणंग गावात दिली होती. ती चार दिवस राहायला आली. तिने पाहिलं आणि म्हणाली, "भावोजी, तुमी तिला लई लाडावलंय. रुसून बसलीया ती. जोरानं बसवा, बोलाय लावा."

"अक्का, बसवतोय की मी रोज."

"आणिक बसवा."

मग उमाजीने आणखी बसवलं. सकाळी दोन तास असायची ती चार तास बसू लागली. मान पडायला लागली तर तो मागे उभा राहून दोन्ही हातांनी धरायचा. तिच्या कपाळाला घाम यायचा, डोळे अर्धे मिटायचे. "थोडं आणिक, शांते. थोडंच," तो तिच्या कानाशी म्हणायचा. जे जे सांगितलं होतं ते तो करत होता, आणि जितकं करत होता तितकी ती लांब चालली होती.

बाळी परत गेली त्या दिवशी दुपारी उमाजी फार थकला होता. शांतीला त्याने आत नेऊन चटईवर सपाट निजवलं. हे हॉस्पिटलच्या सांगण्याविरुद्ध आहे हे त्याला माहीत होतं. पण त्याचीच पाठ आता सरळ राहत नव्हती. जेवण न करताच तो तिच्या शेजारी जमिनीवर पडला आणि त्याचा डोळा लागला.

"जेवलासा का?"

तो दचकून उठून बसला. दारात कुणी नव्हतं. शांती त्याच्याकडे बघत होती. डोळे स्वच्छ.

"काय म्हटलंस?"

"जेवलासा का म्हटलं. तोंड वाळलंय तुमचं."

महिन्याभरात ती एवढं लांब वाक्य बोलली नव्हती. उमाजीला काय करावं कळेना. आनंदाच्या भरात त्याने तिला उठवलं, भिंतीला टेकवून बसवलं, ताटात भात आणि आमटी घेऊन समोर आला. "बग, जेवतो. तू बोल. बोल गं."

ती बोलली. चार शब्द बोलली. त्याचं ताट अर्धं झालं तोवर तिची वाक्यं तुटायला लागली, आणि हात धुऊन तो परत आला तेव्हा तिची मान पुन्हा एका अंगाला पडली होती.

उमाजी बराच वेळ तिच्यापुढे उकिडवा बसून राहिला. रानात गवे कुठल्या वाटेने येतात, डुक्कर कुठल्या बाजूने वावरात शिरतं, हे तो न बोलता बघून बघून ओळखायचा. तसाच तो आता तिच्याकडे बघत होता. मग त्याने तिला पुन्हा आडवं केलं, उशी काढून टाकली आणि शेजारी पडून राहिला. बाहेर उन्हाची तिरीप दाराच्या उंबऱ्यावर होती. ती सरकत आत कोनाड्याच्या खाली आली तेव्हा शांती म्हणाली, "कोंबड्या कोंडल्यासा?"

पुढचे तीन दिवस त्याने दुसरं काही केलं नाही. बसवलं की किती वेळाने बोलणं तुटतं ते बघितलं. निजवलं की किती वेळाने परत येतं ते बघितलं. प्रत्येक वेळी तेच. ती आडवी झाली की डोक्याचा खड्डा थोडा भरून यायचा, बसली की पुन्हा आत ओढला जायचा. तेही त्याने पाहिलं.

आणि त्या तीन दिवसांत ती दोघं चटईवर पडून बोलली. कौलांकडे बघत. तोंडासमोर तोंड नसल्यामुळे असेल, उमाजीलाही बोलणं सोपं जात होतं. गाय कधी व्यायली, कुणाच्या भाताला कीड लागली, पूर्णिमाला रिसॉर्टवाल्यांनी किती दिवस सुट्टी दिली, सगळं त्याने सांगितलं. शांतीचे शब्द मधेच अडकायचे. ती आठवत राहायची आणि तो थांबायचा.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मला काय झालंतं?"

मग त्याने सांगितलं. गवा, खडी, मोरीचा कठडा. "हेल्मेट माज्या डोक्यावर हुतं," तो म्हणाला. "तुज्या डोक्यावर नुसता पदर. मी तुला दिलं असतं तर..."

शांती बराच वेळ काही बोलली नाही. त्याला वाटलं, पुन्हा गेली. मग ती म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"तुमाला लागलं असतं तर... तुमी आदीच बोलत न्हाईसा. डाक्टरास्नी कळलंच नसतं, बिगडलंय का मुळातच असंय त्ये."

उमाजी हसला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरलं. तिने डावा हात चाचपत आणला आणि त्याच्या तोंडावरून फिरवला.

तिसऱ्या दिवशी तो वरच्या टेकाडावर गेला, जिथे फोन लागतो, आणि पूर्णिमाला सगळं सांगितलं. पूर्णिमाने हॉस्पिटलला फोन केला. पलीकडून कुणीतरी कागद बघून सांगितलं की तारीख एप्रिलची आहे, अशक्तपणा असतोच, व्यायाम चालू ठेवा, निजू देऊ नका.

"त्यांनी आता येऊ नका म्हटलंय बाबा," पूर्णिमा म्हणाली.

"नागूची जीप सांग. उद्या जायचं."

"पन तिथं गेल्यावर..."

"मी बोलतो," उमाजी म्हणाला.

बाबांच्या तोंडून हे वाक्य पूर्णिमाने कधी ऐकलं नव्हतं.

गावातल्या नागूने आपल्या जीपची मागची बाकं काढली आणि गादी अंथरली. शांती पडून होती, उमाजी तिच्याशेजारी बसून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून होता. पूर्णिमा गणेशगुडीला चढली. हळियाळपर्यंत शांती बोलत होती. नागूने गाणी लावली होती, ती तिला आवडली नाहीत, तेही तिने सांगितलं. हॉस्पिटलात मात्र व्हीलचेअर मिळाली. व्हीलचेअरवर बसवून नंबर येईपर्यंत पाऊण तास गेला, आणि डॉक्टर नेत्रांपुढे ती पोहोचली तेव्हा मान पडलेली, डोळे अर्धे, उजवा हात मांडीवर मेल्यासारखा.

डॉक्टरांनी तिला हाक मारली. चिमटा काढून पाहिला. "कधीपासून असं?" विचारलं आणि उत्तराची वाट न बघता लिहायला लागल्या. "डोक्यात पाणी साचलेलं असू शकतं. स्कॅन करून घ्या."

बाहेर चाळीसेक माणसं होती. मागचा पेशंट दारात येऊन उभा राहिला होता. पूर्णिमा कागद घ्यायला पुढे झाली.

"अम्मा," उमाजी कानडीत म्हणाला. "हिला निजवा."

"हो, स्कॅनला निजवतील."

"तसं नाही. इथे निजवा. उशी नको. आणि अर्धा तास थांबा." डॉक्टरांनी मान वर केली. तरी उमाजी थांबला नाही. "ही बसली की जाते. निजली की येते. तीन दिवस बघतोय मी. बसली की इथला खड्डा खोल होतो, मग हात जातो, मग बोलणं जातं. निजली की आधी खड्डा भरतो, मग बोलते. आम्हाला बसवायला सांगितलं होतं, म्हणून मी बसवत गेलो. मी बसवून बसवून हिला असं केलंय. तुम्ही निजवून बघा. खोटं निघालं तर मी एप्रिलपर्यंत तोंड दाखवणार नाही."

डॉक्टर नेत्रांनी पेन खाली ठेवलं. उठून शांतीची टोपी काढली. तो खड्डा त्यांनी बोटांनी हलकेच चाचपला, आणि त्यांचा चेहरा बदलला. "तपासायच्या टेबलावर घ्या यांना," त्या नर्सला म्हणाल्या. "एकदम सपाट."

पडदा ओढला. पडद्याच्या अलीकडे डॉक्टर पुढचे पेशंट बघत राहिल्या. उमाजी भिंतीला टेकून उभा होता. एक म्हातारा आला, गेला. एक बाई लेकाला घेऊन आली, त्याचे टाके काढले. पूर्णिमा घड्याळ बघत होती. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. उमाजीला वाटलं, आज नेमकी ती येणार नाही.

पडद्यामागून आवाज आला. जरा जड, जरा अडखळता, पण खोलीभर ऐकू जाणारा.

"पूने, ही बाई जेवती कवा? मगापासनं नुसती बोलतीया."

डॉक्टरांना मराठी थोडं कळत होतं. त्या उठल्या आणि पडदा बाजूला केला. शांती त्यांच्याकडे बघत होती.

"अजून जेवले नाही अम्मा," डॉक्टर नेत्रा म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

त्यांनी बाहेरच्या लोकांना दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि उमाजीला समोर खुर्चीवर बसवलं. "हाड नाही तिथे वर फक्त कातडी आहे," त्या म्हणाल्या. "सूज होती तोवर ठीक होतं. आता आत जागा रिकामी झालीय. त्या उठून बसल्या की डोक्यातलं पाणी खाली पाठीकडे उतरतं, आतला दाब कमी होतो. बाहेरची हवा कातडीला आत ढकलते, आणि खालचा मेंदू दाबला जातो. बोलण्याची जागा नेमकी तिथेच. निजल्या की दाब सारखा होतो. असं होतं कधीकधी. आम्ही पुस्तकात वाचतो, आणि समोर आलं तरी निसटतं, कारण इथे प्रत्येकाला आम्ही बसलेलंच बघतो."

"मग आता?"

"एप्रिलची वाट बघायची नाही. स्कॅन करून घेऊ, पाणी साचलेलं नाही ना ते बघायला हवं. रक्त तपासू. सगळं ठीक असेल तर याच आठवड्यात हाड बसवू. तोवर यांना सपाट निजवायचं." त्या थोड्या थांबल्या. "जंतू लागू शकतात, पुन्हा रक्त साचू शकतं, झटके येऊ शकतात. हे मी सांगायलाच हवं. पण मला वाटतं, होईल."

"मी बसवत होतो," उमाजी पुन्हा म्हणाला.

"तुम्हाला बसवायला आम्ही सांगितलं," डॉक्टर म्हणाल्या. "आणि निजवून बघायला तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

स्कॅन चांगला आला. चौथ्या दिवशी सकाळी शांतीला आत नेलं. स्ट्रेचरवर ती आडवी होती, म्हणजे बोलत होती. पोटावर हात ठेवून ती पूर्णिमाला म्हणाली, "तुला काडलं तवा येवडी मानसं न्हवती गं."

तीन तास लागले. पोटाच्या कातडीखालून हाड काढलं, साफ केलं, डोक्याच्या जागी बसवून बारीक पट्ट्या आणि स्क्रूंनी पक्कं केलं. डॉक्टर नेत्रा बाहेर आल्या तेव्हा टोपीखाली त्यांचे केस घामाने चिकटले होते. "बसलं," एवढंच म्हणाल्या आणि उमाजीच्या हाताला हात लावून पुढे गेल्या.

दोन दिवस तिला निजवूनच ठेवलं. तिसऱ्या दिवशी पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी वर केली, मग आणखी थोडी, मग तिला पाय खाली सोडून बसवलं. उमाजी समोर उभा राहिला. वॉर्डात कुणाचा तरी फोन वाजत होता. पाच मिनिटं गेली. शांती गप्प होती. उमाजी पुढे वाकला.

"काय झालं गं? बोल की."

"काय बोलू?" शांती म्हणाली. "तुमी असं वाघ बगितल्यासारं बगाय लागलाय."

पूर्णिमा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. शांती अर्धा तास बसली, मग तासभर. नर्सने येऊन पुरे म्हटलं तेव्हाही ती शेजारच्या पलंगावरल्या बाईला कानडीत विचारत होती, तुम्ही कुठल्या, सुना किती.

बाराव्या दिवशी सोडलं. येताना नागूने जीप गणेशगुडीला थांबवली. चहाच्या हॉटेलात शांती बाकावर ताठ बसली. डोक्यावर केस बारीक काट्यांसारखे उगवले होते, मधून टाक्यांची लांब रेघ. डोक्यावर पदर घेतेस का असं पूर्णिमाने विचारलं, तर म्हणाली, गरम होतंय. बन्स आले, केळ्याच्या गोड फुगीर पुऱ्या. उजव्या हाताने तिला बन्स तोडता येईना. उमाजीने हात पुढे केला, तसा तिने तो बाजूला सारला आणि डाव्या हाताने तोडला. पहिला तुकडा त्याच्या बशीत ठेवला.

सगळं परत आलं नाही. उजव्या हाताची पकड आजही अर्धीच आहे. विळीवर तिच्याच्याने भाजी धरवत नाही, ती उमाजी चिरतो. झटक्याच्या गोळ्या दोन वेळा चालू आहेत आणि हुबळीला दर सहा महिन्यांनी जावं लागतं. शब्द चुकतात. विळ्याला ती कंगवा म्हणते, गायीला कधी कधी मोटार. चुकलं की तिला कळतं आणि राग येतो. मग ती पुढची पाच वाक्यं जोरात बोलते.

त्या पावसात लावणीला तिला चिखलात उतरायचं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं. म्हणून उमाजीने बांधावर फणसाखाली तिच्यासाठी दगड टाकला, त्यावर घोंगडं अंथरलं. बायका वाकून रोपं लावत होत्या आणि शांती छत्री घेऊन सरळ बसून कुणाची ओळ वाकडी जातेय ते सांगत होती. दुपारी फॉरेस्ट गार्ड बांधावरून चालला होता. थांबून त्याने उमाजीला विचारलं, "काय, कशी हाय आता वैनी?"

उमाजी रोपांची पेंढी हातात घेऊन चिखलात उभा होता. त्याने शांतीकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली, तो काय सांगतो ते ऐकायला.

"बरी हाय," उमाजी म्हणाला. मग पेंढी खाली ठेवून तो बांधाजवळ आला आणि गार्डला म्हणाला, "बसा जरा. सांगतो."